फीची आगोट : मूल कॉलेजला निघाले की घराचा जमाखर्च कसा बसवावा

मूल बारावीला पोहोचले की घरात पहिला प्रश्न निघतो तो "किती लागतील?" हा. प्रश्न बरोबरच आहे, पण कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या घरासाठी तो अर्धा आहे. उरलेला अर्धा प्रश्न "कधी लागतील?" असा आहे, आणि माझ्या पाहण्यातली बरीचशी घरे पहिल्यापेक्षा या दुसऱ्या प्रश्नावरच अडखळलेली आहेत.

पगारदार घरात दर महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम खात्यात जमा होते आणि तिच्यातून फीसाठी थोडेथोडे बाजूला काढता येते. आपल्याकडे हापूसचा पैसा मुख्यतः मार्च ते मे या महिन्यांत येतो, काजू बीचा साधारण त्याच सुमारास, आणि पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांचा दिवाळी, नाताळ व उन्हाळ्याच्या सुट्टीत. मासेमारीचा पैसा तर १ जूनला थांबतोच, कारण १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास बंदी असते. खर्चाचे वेळापत्रक मात्र याच्या नेमके उलटे आहे. प्रवेशाच्या फेऱ्या, पहिल्या वर्षाची फी, वसतिगृहाची अनामत, मेसचे आगाऊ पैसे, पुस्तके, लॅपटॉप हे सारे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन पडते, आणि त्याच चार महिन्यांत भातलावणीची मजुरी असते, धाकट्या भावंडाची शाळा सुरू होते आणि गणपती येतात. त्यामुळे वर्षाचा हिशेब केला तर ज्या घराचे उत्पन्न पुरेसे दिसते, तेच घर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हातउसने मागत फिरताना दिसते.

हे कोडे आपल्या आजी-पणजीला नवीन नव्हते. पावसाचे चार महिने बाजार आणि रस्ते यांचा भरवसा नसे, म्हणून मे महिन्यातच तांदूळ, मीठ, मिरची, आमसुले, सुकट, बोंबील आणि सरपण भरून ठेवले जाई. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, ही बेगमी पैसे आल्यावर करायची, गरज पडल्यावर नव्हे, एवढा साधा नियम तिच्यामागे होता. कॉलेजच्या फीला हाच नियम लावायचा आहे, फक्त धान्याच्या जागी रक्कम आणि कणगीच्या जागी बँकेतील मुदत ठेव आली आहे, इतकेच.

तूट दोन प्रकारची असते

पैसे कमी पडतात असे आपण सरसकट म्हणतो, पण त्या एका वाक्यात दोन वेगळ्या अडचणी दडलेल्या असतात. पहिली वेळेची तूट. पैसे घरात येणार आहेत किंवा येऊन गेले आहेत, फक्त फीच्या तारखेला ते हातात नाहीत. दुसरी रकमेची तूट. वर्षभराचे सगळे उत्पन्न एकत्र केले, तरी घरखर्च भागवून शिक्षणाला पुरेल इतके उरत नाही. या दोन दुखण्यांची औषधे वेगळी आहेत. वेळेची तूट शिस्तीने मिटते, आणि क्वचित दोन-तीन महिन्यांच्या उसनवारीनेही मिटते. रकमेच्या तुटीला मात्र शुल्क सवलत, कर्ज किंवा कमी खर्चाचा पर्याय यांपैकी काहीतरी लागतेच. सर्वांत महागात पडते ते पहिल्याचे औषध दुसऱ्याला देणे. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाल्यावर सोडवता येईल या हिशेबाने जुलैत दागिना तारण ठेवणाऱ्या नौकामालकाचे मला काही चुकीचे वाटत नाही. चार वर्षांचे इंजिनीअरिंग मात्र दागिन्यांवर काढायला गेले, तर दरवर्षी एक नवा दागिना बँकेत जातो आणि जुना सुटत नाही.

आपली तूट कोणती हे कळण्यासाठी एक मोठा कागद घ्यावा, त्यावर जून ते मे असे बारा महिने लिहावेत आणि प्रत्येक महिन्यापुढे येणे आणि जाणे असे दोन रकाने आखावेत. वर्ष जूनपासून धरावे, जानेवारी किंवा एप्रिलपासून नव्हे, कारण कॉलेजचे वर्ष तेथूनच सुरू होते. येण्याच्या रकान्यात आंब्याची ढोबळ विक्री लिहू नये. दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात आल्यावर फवारणी, राखण, मजुरी, पेट्या, गाडीभाडे आणि आडत वजा जाऊन जे राहते तेच लिहावे. हंगामापूर्वी दलालाकडून उचल घेतली असेल, तर तीही आधी वजा करावी, कारण ते उत्पन्न नसून आधीच खर्च झालेले उत्पन्न असते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. देवगड तालुक्यातील एका घराला गेल्या चार वर्षांत आंब्यातून निव्वळ ३,४०,०००, १,५०,०००, २,९०,००० आणि १,४०,००० रुपये मिळाले, असे समजा. हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतो, हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. हे आकडे त्याच चालीचे आहेत. चार वर्षांची बेरीज ९,२०,००० होते आणि सरासरी २,३०,०००. काजू आणि पर्यटकांना दिलेल्या दोन खोल्या यांचे मिळून वर्षाला १,१०,००० धरले, तर सरासरी उत्पन्न ३,४०,००० झाले. महिन्याचा घरखर्च १६,००० म्हणजे वर्षाचा १,९२,०००, आणि गणपती, विम्याचे हप्ते, डागडुजी, आजारपण यांचे ३८,००० धरले, तर खर्च २,३०,००० होतो. उरतात १,१०,०००. मुलीच्या शिक्षणाला फी ९५,०००, वसतिगृह व मेस ८०,००० आणि प्रवास, पुस्तके वगैरे १५,००० असे वर्षाला १,९०,००० लागणार आहेत. म्हणजे या घराची रकमेची तूट वर्षाला ८०,००० आणि चार वर्षांत ३,२०,००० आहे.

गंमत अशी की याच घराने फक्त चांगल्या वर्षाचा हिशेब पाहिला, तर येणे ४,५०,००० दिसते, घरखर्च जाऊन २,२०,००० उरतात आणि "आपल्याला कर्जाची गरजच काय?" असा निष्कर्ष निघतो. वाईट वर्षाचा पाहिला तर येणे २,५०,००० होते आणि हातात २०,००० राहतात, तेव्हा मुलीला घरीच ठेवावे की काय, असा विचार मनात येतो. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. चार वर्षांच्या पदवीत साधारण दोन वर्षे भरतीची आणि दोन ओहोटीची येणार, हे धरूनच चालावे आणि चांगल्या वर्षात उरलेल्या जादा रकमेला हात न लावता तिच्यावर पुढच्या वर्षाचे नाव लिहावे. माझ्या मते बागायतदार घरांतील सर्वांत मोठी चूक इथेच होते. चांगल्या हंगामाच्या जोरावर गाडीचा हप्ता सुरू होतो आणि वाईट हंगामात तोच हप्ता फीच्या आड येतो.

मे महिन्यात काय करावे

पट्ट्या चुकत्या झाल्या की मेच्या अखेरीस येत्या पूर्ण वर्षाची फी आणि वसतिगृहाचे पैसे, निम्मे नव्हे तर सगळे, एका वेगळ्या खात्यात टाकावेत. घरखर्चाच्या खात्यात राहिलेला पैसा घरखर्चच होऊन जातो. त्यात कोणाचा दोष नसतो. त्या वेगळ्या खात्यातील रकमेचे तुकडे करून, जी रक्कम जुलैत लागणार ती बचत खात्यात, दुसऱ्या सत्राची फी डिसेंबर-जानेवारीत पिकणाऱ्या मुदत ठेवीत, आणि मुलीचा मासिक खर्च दर महिन्याच्या पाच तारखेला आपोआप तिच्या खात्यात जाईल अशी स्थायी सूचना बँकेला देऊन, असे मांडले की घर हंगामी उत्पन्नाचे असले तरी मुलीच्या हातात पैसे पगारासारखे नियमित पडतात. तिच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. ज्या मुलांना घरून एकदम मोठी रक्कम आणि मग दोन महिने काहीच नाही अशा चालीने पैसे जातात, ती मुले उधळी नसली तरी महिन्याअखेर मित्रांकडे मागू लागतात.

मासेमारी करणाऱ्या घराला मे महिन्याची एकरकमी बेगमी जमतेच असे नाही, कारण तेथे पैसा फेरीमागे येतो आणि खलाशाला वाट्याने मिळतो. अशा घराने ऑगस्ट ते मे या दहा महिन्यांत दर फेरीमागे ठरावीक हिस्सा काढावा. मासळी विकणाऱ्या बायका अनेक ठिकाणी पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, भरतात. रोजच्या रोज हातातून रक्कम जाते म्हणून ही पद्धत त्यांना सोयीची पडते. मात्र येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विमा व पत हमी महामंडळाचे संरक्षण असते आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत आहे. पतपेढी म्हणजे सहकारी पतसंस्था ही बँक नव्हे, आणि तिच्यातील ठेवीला हे संरक्षण नाही. पतपेढीचा माणूस रोज दारात येतो, तो ओळखीचा असतो आणि व्याजही जरा जास्त मिळते, हे सारे खरे असले तरी मुलाच्या फीचे पैसे तेथे फार काळ साठू देऊ नयेत. दर महिन्याला पिग्मीची रक्कम बँकेत वळवण्याची सवय लावावी.

बेगमीत एक थर असा असावा की ज्याला फीसाठीसुद्धा हात लावायचा नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीचे रोप फळाला यायला पाच ते सात वर्षे लागतात. त्या वर्षी सातवीत असलेले मूल २०२५ च्या सुमारास बारावी झाले, म्हणजे नव्याने लावलेली बाग आणि घरातले मूल एकाच वेळी वाढत होते आणि कॉलेजची पहिली फी भरायच्या वेळी बागेतून जेमतेम सुरुवातीची फळे निघत होती. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ हंगामाच्या ऐन अखेरीस सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून गेले. अशा वर्षासाठी निदान सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम असावी, असे मी म्हणेन. शहरातील पगारदारांना तीन महिन्यांची सांगतात. आपले पुढचे उत्पन्न पुढच्या मोहोरावर अवलंबून असते, म्हणून आपल्याला ती पुरत नाही.

मूल लहान असेल तर

मूल अजून प्राथमिक शाळेत असलेल्या घरांच्या हातात वेळ हे सर्वांत मोठे भांडवल आहे. ७२ या आकड्याला व्याजाच्या किंवा दरवाढीच्या टक्क्याने भागले की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते ढोबळमानाने कळते. फी वर्षाला ८ टक्क्यांनी वाढली तर आज १ लाखाचा असलेला खर्च नऊ वर्षांनी २ लाखांचा होतो. आजच्या फीवर बेत आखणे म्हणजे भरतीच्या वेळी ओहोटीची वाट चालणे.

मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल तर सुकन्या समृद्धी खाते हा चांगला पर्याय आहे. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त १.५ लाख रुपये भरता येतात, भरणा पंधरा वर्षे करायचा असतो आणि खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी ते पूर्ण होते. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी उत्तीर्ण झाली की आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम उच्च शिक्षणासाठी काढता येते. हंगामी उत्पन्नाच्या घराला यातली सोय अशी की हप्ता दरमहा भरावा लागत नाही. मे महिन्यात एकदाच भरला तरी चालतो आणि वाईट वर्षी २५० रुपये भरून खाते चालू ठेवता येते. मुलगा असेल तर पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. त्याचीही मुदत पंधरा वर्षांची आहे आणि सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते. दोन्हींचे व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवते. बारावीला तीन वर्षे उरली असतील तर मात्र फीचा पैसा शेअर बाजाराशी जोडलेल्या कोणत्याही योजनेत ठेवू नये, कारण बाजार पडलेला असताना प्रवेशाची तारीख थांबत नाही. विमा आणि बचत एकत्र बांधून "मुलांच्या शिक्षणासाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही, कारण त्यांत विमा थोडा मिळतो आणि बचतीवरचा परतावाही थोडाच.

फी भरण्यापूर्वी फी कमी करावी

कर्जाकडे जाण्यापूर्वी सवलतींचे दार ठोठावले पाहिजे, आणि येथेही वेळेचाच प्रश्न आडवा येतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत पात्र विद्यार्थ्याला शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, याच उत्पन्न मर्यादेतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी राज्य शासनाने लागू केली आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे आपण ज्याला कॅप फेरी म्हणतो तिच्यातून, झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला आणि खासगी विद्यापीठांना ही माफी लागू नाही. "अमुक कॉलेजात ओळखीने जागा मिळते आहे, आत्ताच भरून टाका" असा निरोप जूनमध्ये आला की घाईने पैसे भरणारे पालक मी पाहिले आहेत. त्या घाईत चार वर्षांची शुल्कमाफी हातची गेली, हे त्यांना ऑक्टोबरात समजले.

वर उदाहरणात घेतलेल्या घरातील मुलगी या माफीत बसली, तर ९५,००० पैकी बहुतेक शुल्क जाते आणि ८०,००० ची रकमेची तूट जवळजवळ नाहीशी होते. राहतो तो वसतिगृह आणि मेसचा खर्च, जो माफीत येत नाही. त्यासाठी अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. यांपैकी बहुतेक अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर करायचे असले तरी त्यांना लागणारी बरीचशी कागदपत्रे तहसील कार्यालयातून मिळतात, आणि निकालानंतरच्या आठवड्यात तेथे सगळा तालुका लोटलेला असतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र ही तयारी बारावीची परीक्षा संपताच सुरू करावी. वैधता प्रमाणपत्राला तर महिने जातात, म्हणून ते अकरावीतच मागावे. मुलाचे बँक खाते त्याच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे, कारण भत्त्याची रक्कम तेथेच येते. ती उशिरा येते, हेही धरून चालावे. भत्ता मंजूर झाला म्हणजे जुलैची वेळेची तूट मिटली असे होत नाही. शिवाय दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षी मिळालेली सवलत दुसऱ्या वर्षी केवळ अर्ज भरायचा राहिला म्हणून जाते, हे ऐकून वाईट वाटते.

खर्च कमी करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे जवळचे सरकारी शिक्षण. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ, रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि आता अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये ही सारी याच किनाऱ्यावर आहेत. मुलाला पुणेच हवे असेल तर त्यामागचे कारण ऐकून घ्यावे. पण शाखा तीच आणि दर्जाही जवळपास तोच असेल, तर घरापासून दोन तासांवरचे कॉलेज हे नुसते स्वस्त नसते, मेच्या हंगामात पेट्या भरायला घरात दोन हात जादा देणारेही असते.

कर्ज घ्यायचेच असेल तर

शैक्षणिक कर्जाची भीती आपल्याकडे पीककर्जाच्या अनुभवातून आलेली आहे, पण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. पीककर्ज वर्षाच्या आत फेडायचे असते. ते वेळेत फेडले तर व्याजात सवलत मिळते आणि थकले तर ती जाते. त्यातून फी भरणे म्हणजे चार वर्षांनी उत्पन्न देणाऱ्या कामासाठी एका वर्षात परत करायचे पैसे वापरणे. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि साधारण पुढचे एक वर्ष हप्ता नसतो, याला मोरेटोरियम म्हणतात. बँकांच्या आदर्श योजनेनुसार ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत मालमत्ता तारण लागत नाही, आणि फेड पंधरा वर्षांपर्यंत वाटून घेता येते. आईवडिलांपैकी एकाला सहकर्जदार व्हावे लागते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने अनेक बागायतदारांकडे आयकर विवरणपत्र नसते, म्हणून आंब्याच्या पट्ट्या, सातबारा आणि बँकेचे उतारे निदान तीन वर्षांचे जपून ठेवावेत. शाखेत बोलायला तेच उपयोगी पडतात.

हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असा मात्र गैरसमज नको. वरच्याच घराला सवलत मिळाली नाही आणि त्याने दरवर्षी ८०,००० असे चार वर्षांत ३,२०,००० रुपये १० टक्के दराने घेतले, असे समजू. मोरेटोरियममध्ये सरळ व्याज धरले तर पहिल्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचे, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार, मग तीन आणि दोन असे मिळून १,१२,००० व्याज साठते. ते मुद्दलात मिसळून ४,३२,००० होतात आणि दहा वर्षांच्या फेडीला महिन्याचा हप्ता सुमारे ५,७०० बसतो. हेच व्याज चालू काळात भरत गेले, म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ६७० आणि शेवटच्या दोन वर्षांत सुमारे २,६७० रुपये, तर फेड ३,२०,००० वरच सुरू होते आणि हप्ता सुमारे ४,२३० राहतो. आधी भरलेल्या १,१२,००० मुळे पुढच्या दहा वर्षांत जवळपास १,७७,००० वाचतात. चांगल्या हंगामाचे वर्ष आले की वर्षभराचे व्याज मे महिन्यातच भरून टाकणे हा त्या पैशाचा उत्तम उपयोग आहे.

त्यापूर्वी एक चौकशी जरूर करावी. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतील तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर केंद्र सरकारच्या व्याज अनुदान योजनेत मोरेटोरियमचे सगळे व्याज सरकार भरते. आपले उदाहरणातील घर या मर्यादेत बसते, म्हणजे ते १,१२,००० कदाचित भरावेच लागणार नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण आणि जामीन यांशिवाय कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियममध्ये ३ टक्के व्याजसवलत आहे. मात्र दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज अनुदानाचा लाभ घेणाऱ्याला ती मिळत नाही. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, हे प्रवेश पक्का करण्यापूर्वी पाहावे. आयकर भरणाऱ्या पालकाला जुन्या कररचनेत या कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. नव्या रचनेत ती नाही.

कर्ज चालू असताना कमावत्या पालकाचा निव्वळ मुदत विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स, निदान कर्जाच्या रकमेइतका असावा. तो परवडत नसेल तर प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत आणि सुरक्षा विमा योजनेत २० रुपयांत प्रत्येकी २ लाखांचे संरक्षण मिळते, पहिलीत कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूला आणि दुसरीत अपघाताला. समुद्रावर जाणाऱ्या माणसाने निदान एवढे तरी चुकवू नये.

मूल गेल्यानंतरचे घर

मूल बाहेर गेले की घरखर्च तेवढा कमी होईल, हा हिशेब बहुधा चुकतो. दूध आणि भाजी थोडी कमी लागते, पण विजेचे बिल, गॅस, घरपट्टी आणि बागेची राखण तीच राहते. उलट प्रवास वाढतो. गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे महिना अशा चार फेऱ्या धराव्यातच, आणि त्या अगोदर ठरलेल्या असल्याने कोकण रेल्वेचे तिकीट ६० दिवस आधी आरक्षण उघडते त्याच सकाळी काढावे; राहिले तर गणपतीच्या आठवड्यात खासगी बसचे भाडे सांगतील ते द्यावे लागते. गणपतीला मुलाने येऊ नये असे मी कोणालाही सुचवणार नाही. काटकसरीच्या जागा दुसऱ्या पुष्कळ आहेत.

एकेकाळी घर सोडून मुंबईला गेलेला चाकरमानी गिरणीतून मनीऑर्डर पाठवी आणि गावचे घर तिच्यावर चाले. आता घर सोडणारा पैसे नेतो, आणि नेमकी हीच गोष्ट मुलांशी बोलायला आईवडिलांना अवघड जाते. एक तर सगळे लपवून "तू फक्त अभ्यास कर" म्हणतात, नाहीतर भांडणात एकदम सगळा आकडा तोंडावर फेकतात. त्याऐवजी तो बारा महिन्यांचा कागद मुलासमोर ठेवावा. कर्जावर सही त्याचीच असणार आहे, मग हप्ता किती बसेल हे त्याला सतराव्या वर्षी कळायला काय हरकत आहे? मुंबईत मामा किंवा आत्याच्या खोलीवर राहायचे ठरले, तर महिन्याला किती द्यायचे हे पहिल्याच दिवशी मोठ्यांनी आपसांत बोलून घ्यावे. फुकट राहण्याचा संकोच अखेर मुलालाच सोसावा लागतो.

अठरा वर्षे पूर्ण झाली की अज्ञान खाते सज्ञान करून घेणे, पॅन काढणे, पालकांच्या खात्यांना वारस नोंदवणे ही कामे एका मे महिन्यात उरकता येतात. त्याच वेळी मुलाला एक ताकीदही द्यावी. "तुझे खाते चार दिवस वापरू दे, कमिशन देतो" असे म्हणणारे लोक कॉलेजच्या आसपास असतात, आणि फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरला की चौकशी खातेदाराचीच होते.

शेवटच्या वर्षाची फी भरून झाली की पुढच्या मे महिन्यात वर्षाच्या बेगमीची ती रक्कम प्रथमच मोकळी होते. तिच्यावर लगेच गाडी किंवा नवीन छप्पर यांचे नाव लागते. ती तशी विरून जाण्याआधी मुलाची नोकरी लागेपर्यंतचे कर्जाचे व्याज तिच्यातून भरावे, किंवा मुदतपूर्व भरण्यावर दंड नाही ना हे बँकेला विचारून थोडे मुद्दलच कमी करावे, आणि उरलेली रक्कम आईवडिलांच्या स्वतःच्या म्हातारपणाच्या खात्यात टाकावी. गेल्या चार वर्षांत त्या खात्यात काहीच पडलेले नसते.